उजव्या दाराचा स्पीकर

"गाडी बोईसरला न्यायची तर न्या. टेप बदला, डावीकडचा स्पीकर बदला, मागे काय ते मोठे डबे लावायचेत ते लावा. फक्त उजव्या दाराचं आतलं पॅड उघडायचं नाय. त्या दाराला मिस्त्रीचा हात लागता कामा नये."

मी एवढंच म्हटलं आणि दादू हसायला लागला. दादू माझ्या भावाचा मुलगा. गेल्या महिन्यापासून ही जुनी अँबॅसेडर तोच चालवतो.

"आत्या, उजवीकडं स्पीकर नसला तर गाणं अर्धंच ऐकू येल."

"अर्धं ऐक. पूर्ण ऐकून तू कुठं गवई होणार हायस!"

वीज संध्याकाळीच गेली होती. ओटीवर कंदील होता, आत घरातल्या मुली झोपल्या होत्या. दादूबरोबर त्याचा शिरगावचा दोस्त आला होता, रामा. तो जरा आगाऊ आहे. म्हणाला, "का आत्या? भूत हाय काय दारात?"

"तो शब्द पुन्हा काढू नको," मी म्हटलं. "मी त्या शब्दाला घाबरत नाय. पण तिला तो शोभत नाय."

मग दोघं कंदिलाजवळ सरकून बसले. मी शाळेत गेले नाही, त्यामुळे माझ्याकडे पुस्तकातल्या गोष्टी नाहीत. जी आहे ती घडलेली आहे, आणि ज्याच्या बाबतीत घडली त्याला मी रोज जेवायला वाढत होते. त्यांना सांगितली तशीच इथे सांगते.

ही गाडी माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची, पंढरीची. बहिणीचं नाव हिरा.

आमच्या कोळीवाड्यात मुलीचं लग्न लागलं की तिच्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवतात आणि दर्याला देतात. डाव्या हातात राहतात. उजवा हात जन्मभर काचेवाचून. दर्याने नवरा सांभाळायचा, त्याबद्दल बायकोचा एक हात त्याचा. हिराच्या बांगड्या मीच नेल्या होत्या, ओंजळीत धरून, होडीत उभं राहून. त्यात एक भानगड होती. कासाराच्या पेटीत तिच्या मापाची हिरवी बांगडी एक कमी निघाली. लग्नघरात असलं काही तोंडातून गेलं की बायका वर्षभर अपशकुन चघळत बसतात. मी गुपचूप एक पिवळी तिच्या उजव्या हातात, हिरव्यांच्या मधोमध, सरकवून दिली. शालूच्या पदराखाली कोण बघतंय! हिराने माझ्याकडे बघितलं, मी डोळे वटारले, संपलं. ते तिला ठाऊक, मला ठाऊक आणि दर्याला ठाऊक. पंढरीलाही नाही.

पुढे पंढरी दर्याला कंटाळला. कंटाळला म्हणजे माणूस आळशी होता असं नाही, कंबर गेली होती त्याची. रात्र रात्र जाळं ओढून उजाडता उजाडता किनाऱ्याला यायचा तो वाळूतच आडवा व्हायचा. शेवटी बोटीतला वाटा विकला आणि डहाणूच्या एका चिकूवाडीवाल्याकडून ही गाडी घेतली, भाड्याने चालवायला. सगळा कोळीवाडा गाडी बघायला जमला. हिरा मात्र दारातून पुढे येईना.

"दर्याला मी माझा हात दिलाय," ती म्हणाली. "रस्त्याला काय दिलंय?"

"रस्त्याला हॉर्न दिलाय," पंढरी म्हणाला आणि वाजवून दाखवला. सगळे हसले. ती हसली नाही.

ब्याण्णवच्या पावसात हिराला कावीळ झाली. गावठी औषधात दिवस गेले आणि एका दुपारी ती उठेचना. पंढरीने तिला गाडीत घातलं. त्याच्या शेजारी, डाव्या सीटवर. डावा हात तिने खिडकीवर टाकला होता. जमनाला, त्यांच्या मुलीला, घेऊन मी मागे. रस्ता कसला, सगळे खड्डे. खड्डा आला की हिराच्या बांगड्या वाजायच्या. पंढरीची नजर रस्त्यावर, पण कान तिकडे. वाजतायत, म्हणजे आहे. वाजतायत, म्हणजे आहे. असं करत पालघर गाठलं तर रेल्वेचं फाटक बंद. गाडी थांबली. बांगड्या थांबल्या. लांबलचक मालगाडी गेली. मग त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झालाय हिला जाऊन.

म्हणजे अर्ध्या रस्त्यापासून त्या बांगड्या खड्ड्यांनी वाजवल्या होत्या.

त्यानंतर पंढरी नुसता गाडी चालवत राहिला. दिवसा लग्नाची, देवदर्शनाची भाडी. रात्री तारापूरच्या कारखान्यांतले साहेब दुसऱ्या पाळीवरून सुटले की त्यांना पालघरला सोडायचं. मग एकटा आमच्या गावी, पालघरजवळच्या माहीमला, परत. ताटावर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा, हातातला घास हातात. मी जमनाला म्हणायचे, बापाला हलव. पोर हलवायची. तो उठून दोन घास खायचा आणि पुन्हा चावी घ्यायचा. मला एकच धास्ती. आई गेली, आता हा कुठेतरी झोपेत झाडावर गाडी घालणार आणि पोर पोरकी होणार. मी स्पष्ट बोलून दाखवायचे.

"मरायचं असलं तर सांगून मर. पोरीची सोय लावते मग मी."

"मरायला तरी टाइम कुठं हाय, बाय?" तो म्हणायचा. मला तो बाय म्हणायचा.

गाडीत कंपनीतूनच बसवून आलेला रेडिओ होता. दोन गोल बटणं, काटा सरकवायचा आणि डॅशबोर्डच्या मधोमध एकच स्पीकर. त्यात गाणं लागलं की सर्दी झालेल्या माणसाने गायल्यासारखं वाटायचं. त्र्याण्णवच्या पावसानंतर त्या स्पीकरातून काहीतरी किणकिणायला लागलं. पंढरीला वाटलं, जाळी सैल झाली असेल. साहेब लोक आधीच कावलेले. "अरे पंढरी, ये डब्बा फेंक दे, टेप लगवा ले. नहीं तो हम दूसरी गाडी देखते हैं." म्हणून तो बोईसरला भगवंतकडे गेला.

भगवंत सफाळ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. मुंबईत चार वर्षं काढून आला होता आणि बोईसरला गाड्यांचे टेप बसवायचा. त्याच्या तोंडापुढे रेडिओ बरा, रेडिओला निदान बटण असतं. "हा दगड काढून टाकू," म्हणाला. "नवा डेक, दोन स्पीकर. एक डाव्या दारात, एक उजव्या. डोळे मिटून बस, पेटीवाला कुठं बसलाय आणि तबलजी कुठं ते बोट करून दाखवशील." जुना रेडिओ उपटला. दोन्ही दारांची पॅडं कापून गोल भोकं केली, स्पीकर बसवले. आवाज असा आला की पंढरीची आणखी भाडी वाढली.

पण किणकिण गेली नाही. उलट आता ती कुठून येते ते कळायला लागलं. मधोमध एकच स्पीकर होता तोवर डावं-उजवं समजत नव्हतं.

पंढरी परत गेला. "डाव्या स्पीकरात खरखर हाय."

भगवंतने वायरींची अदलाबदल केली. डावीची उजव्याला, उजवीची डाव्याला. "आता डेकात खोट असेल तर खरखर उजवीकडं जाईल," म्हणाला. गेली नाही. मग स्पीकरच बदलले, इकडचा तिकडे. आवाज डावीकडेच. मग त्याने किल्ली काढायला लावली. टेप बंद, गाडी बंद. दोघं आत बसून राहिले. बाहेर रिक्षावाले ओरडत होते. आणि डाव्या दारातून... सावकाश... किण. किण.

भगवंतने दाराला कान लावला. मग म्हणाला, "उंदीर असेल."

हे सगळं पंढरीने मला रात्री जेवताना सांगितलं. तक्रार सांगावी तसं. मी चुलीपुढे होते.

"कुठल्या बाजूला म्हणालास?"

"डाव्या."

"एकदा पण उजवीकडं नाय?"

"नाय. भगवंतनं सगळं उलटंपालटं करून बघितलं."

माझी भाकरी तव्यावर तशीच राहिली. जळल्याचा वास आला तरी मला उलटता येईना. मग मी माझा डावा हात वर केला आणि हलवला. माझे यजमान तेव्हा होते, हातात बांगड्या होत्या.

"असा आवाज?"

पंढरीने घास खाली ठेवला. माझ्या हाताकडे बघत राहिला.  मग म्हणाला, "बाय, हात खाली कर."

त्यालाही कळलं. आमच्या कोळीवाड्यातल्या बाईचा हात वाजला तर डावाच वाजणार. भगवंतला हे कुठून ठाऊक असणार? त्याच्या गावात दोन्ही हात वाजतात.

मी त्याला म्हटलं, वाजू दे. तुला जागं ठेवते ती. रात्रीचा एकटा येतोस, शेजारी कोणी नको? तो मान हलवत होता.

"तुला कळत नाय, बाय. वाजायला लागलं की मला वाटतं, हाय. जिती हाय. मग फाटकाशी आलो की थांबतं. रोज रात्री मी तिला फाटकाशी नेतो. रोज. मी दमलोय आता."

मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.  

दुसऱ्या दिवशी त्याने भगवंतला डावा स्पीकर काढायला लावला, भोकात कापूस कोंबला, वर प्लायवूड ठोकलं. परत येताना वाटेत गाडी थांबवून तो रिकाम्या सीटला म्हणाला, "हिरा, पुरे आता. मला झोपू दे."

आवाज त्या दिवसापासून बंद झाला. प्लायवूडने झाला म्हणा, नाहीतर त्याच्या बोलण्याने.

पंढरी बरा दिसायला लागला, असं शेजारचे म्हणायचे. मला नाही दिसला. चेहऱ्यावर असं काही आलं होतं, जसं भांडं घासून पालथं घालून ठेवावं.

आणि मग ती रात्र. त्र्याण्णव साल, कार्तिकातली सोमवती अमावस्या. उधाणाची भरती, बाराच्या सुमाराला पूर्ण भरणारी. खाडीचं पाणी रस्त्याच्या कडेला चढलेलं.

पंढरी सकाळपासून लग्नाच्या भाड्यावर होता. संध्याकाळी पाठ टेकली नाही, तसाच बोईसरला गेला. साहेबांना पालघरला सोडलं. शेवटचा साहेब उतरताना म्हणाला, "मुंह धो ले यार, तेरी आंखें देख." त्याने नळावर तोंड धुतलं आणि माहीमचा रस्ता धरला.

थंडी होती. त्याने काच खाली घेतली, वारा लागावा म्हणून. टेप लावला नव्हता. वस्ती संपली. दिवे संपले. दोन्ही बाजूंना पाणी. उजेड फक्त गाडीचा, तोही पिवळा, मरतुकडा.

डोळा लागला त्याचा. तो ते लपवायचा नाही. एकदा लागला, दचकून उघडला. पुन्हा लागला.

गाडी चालत होती.

डावी बाजू... गप्प.

आणि मग...

किण.

त्याच्या उजव्या गुडघ्याशी.

झोपेतच त्याला वाटलं, आली. आली हिरा. मग झोपेतच वाटलं... उजवीकडून?

किण. किण.

डावीकडचा आवाज कोरडा होता, घरातला. भाकऱ्या थापताना येतो तसा. हा तसा नव्हता. जड होता. ओला. पाण्यातून हात वर काढावा आणि बांगड्या खाली घसराव्यात... तसा.

उजवीकडून कसा? तिच्या उजव्या हातात तर...

तिच्या उजव्या हातात तर काहीच नाही.

त्या विचाराने तो जागा झाला. पुरता. डोळे उघडले आणि पाय ब्रेकवर गेला. गाडी आडवीतिडवी होत घसरली... थांबली.

काचेपुढे काळी भिंत.

टँकर होता. रस्त्यात उभा, एकही दिवा नाही. कुठल्या कारखान्याचा कोण जाणे. पाइप खाडीत सोडलेला आणि घाण पाणी भरतीत ओतत होते. नाकात जाऊन बसेल असा वास. टँकरवाला धावत आला.

"अंधा है क्या बे?"

"बत्ती कहां है तेरी?"

"बत्ती जला के करेगा कोई ये काम?"

 पंढरीने खाली उतरून बघितलं. टँकर आणि गाडीच्या नाकामध्ये त्याला आपला हात घालता आला. वीतभर पसरून नाही... चार बोटं आडवी, तेवढंच अंतर.

माझ्या दारावर थाप पडली तेव्हा मी जागी होते. दार उघडलं तर तो उभा.  आत जमना झोपली होती, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग स्वतःच्या पायाकडे बोट केलं.

पँटचा उजवा गुडघा ओला होता. तेवढाच. बाकी कपडे कोरडे.

मी बोट लावलं. जिभेला लावलं.

खारट.

सकाळी मी त्याच्याबरोबर बोईसरला गेले. तो नको म्हणत होता, मी ऐकते कुणाचं! डाव्या सीटवर बसले. 

भगवंत दुकान उघडत होता. "आता उजवा पण बिघडला का? तुमच्या गाडीला दृष्ट लागलीय." नेहमीची टकळी सुरू झाली. त्याने उजव्या दाराच्या पॅडाला स्क्रूड्रायव्हर लावला आणि टकळी मंदावली.

"स्क्रू माझेच आहेत..." तो म्हणाला. "पण दोन महिन्यांत हे असं?"

गंजून फुगले होते. बोटीच्या तळाचे खिळे फुगतात तसे. एक तर फिरवताच तुटला.

पॅड निघालं. आतून वास आला. तेलाचा नाही, पत्र्याचा नाही. ओहोटीला खडकावर येतो तो. स्पीकरचा कागद भिजून लगदा झाला होता. भगवंतने दाराच्या पोकळीत हात घातला आणि थांबला. आमच्याकडे बघितलं. मग बाहेर काढून एक एक करत समोरच्या फडक्यावर ठेवायला लागला.

बांगड्या. काचेच्या. अख्ख्या.

 रस्त्यावरून टेम्पो जात होते, चहावाला कप आपटत होता. फडक्यावर बांगड्या वाढत होत्या. बाहेरून पांढरे शिंपल्यांचे थर चढलेले, आतून वाळू चिकटलेली. वाळू ओली.

"मस्करी केली कोणीतरी," भगवंत म्हणाला. आवाज मात्र त्याचा बसला होता.

मी वाकून बघत होते. हिरवी. हिरवी. पुन्हा हिरवी. मी स्वतःला म्हणत होते, हिरव्या बांगड्या कुठेही मिळतात. कोणीही आणून टाकेल. सगळ्या हिरव्याच आहेत. भगवंतने हात बाहेर काढला, पुसला. मी श्वास सोडला.

"थांबा," तो म्हणाला. "एक राहिली. अडकलीय."

त्याने कोपरापर्यंत हात घातला. ओढली. फडक्यावर ठेवली.

पंढरीने ती उचलली, अंगठ्याने वाळू पुसली, उजेडात धरली.

"ही हिराची नाय, बाय," तो म्हणाला. "तिच्या सगळ्या हिरव्या होत्या. ही पिवळी हाय."

मी त्याच्या हातातून ती काढून घेतली. हिरव्यांच्या मधोमध ठेवली. फडक्याच्या चारी कडा गोळा करून पुरचुंडी बांधली आणि होती तिथे, दाराच्या पोकळीत, आत सरकवली.

"लाव स्क्रू," मी भगवंतला म्हटलं.